सैनिकी श्रेणीतून अधिकारपद, भारतीय सेनेतील

सेनेत शिपाई म्हणून भरती झालेल्या व्यक्तीस पुढे कमिशन मिळून तिचा अधिकारीवर्गात समावेश होण्याच्या तरतुदीस ‘सैनिकी श्रेणीतून अधिकारपद’ असे म्हणता येईल. कमिशन म्हणजे सैन्यावर हुकमत चालविण्यासाठी राज्यप्रमुखाने दिलेले अधिकारपत्र होय. राजसत्तेच्या काळात ते राजाच्या नावे दिले जाई, म्हणून अशा अधिकाऱ्यास मराठीत ‘राजादिष्ट अधिकारी’ ही संज्ञा रूढ झाली. भारतात २६ जानेवारी १९५० पासून ते राष्ट्रपतीच्या नावे दिले जाते. बहुतेक आधुनिक सैन्यांत शिपाई, नाईक, हवालदार ही पदोन्नतीची एक शिडी आणि लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर ही दुसरी शिडी अशा दोन स्वतंत्र रचना आढळतात. पहिल्या शिडीवरून दुसरीवर जाता येते किंवा नाही, येत असल्यास कोणत्या वयात व कोणत्या अटींवर, ह्यांवरून त्या सैन्याचे व त्यामागील समाजाचे स्वरूप बऱ्याच अंशी कळून येते. भारतात ह्या दोन शिड्यांच्या मध्ये सुभेदार-जमादारांचा तिसरा वर्ग होता व आजही आहे. त्यामुळे येथील प्रश्नाला इतर देशांत सहसा न आढळणारे वळण लागले.

पार्श्वभूमी : नाईक, हवालदार, जमादार व सुभेदार ही पदनामे इंग्रजांनी एतद्देशीय राज्यव्यवस्थेतून उचलली. शिवकालीन पायदळात नाइकावर हवालदार, हवालदारावर जुमलेदार आणि त्याच्यावर हजारी अशी चढती श्रेणी होती. किल्ल्याचा हवालदार हा तर तेथील प्रमुख अधिकारी असे. सुभेदार म्हणजे मुलकी व लष्करी अधिकार असलेला सुभ्याचा प्रमुख. मल्हारराव होळकरांचा उल्लेख ‘सुभेदार’ असाच होत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत हीच नावे राहिली, परंतु त्यांतील अधिकार आक्रसला. सुभ्याचा सुभेदार शंभराच्या आसपास शिपायांच्या कंपनीचा सुभेदार झाला आणि त्याच्या वरच्या सर्व जागा यूरोपीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या.

कंपनीकाल : रॉबर्ट क्लाइव्हने १७५७ मध्ये बंगालमध्ये कवायती शिपायांची पहिली पलटण उभारली. मुंबई इलाख्यात अशा पलटणी १७६८ पासून उभ्या राहिल्या. आरंभीच्या काळात एका पलटणीत यूरोपीय अधिकारी थोडेच असत व हिंदी अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष लढाईत बरेच स्वातंत्र्य असे. १७९६ च्या पुनर्रचनेने यूरोपीय अधिकाऱ्यांची संख्या पुष्कळच वाढली आणि हिंदी अधिकाऱ्यांचे अधिकार त्या प्रमाणात संकुचित झाले. कित्येक लढायांचा अनुभव असलेल्या सुभेदारालाही नुकत्याच इंग्लंडहून आलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या हुकमतीखाली राहावे लागे. १८३७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा सन्मान निर्माण करून दीर्घसेवेच्या हिंदी अधिकाऱ्यांना पदक, भत्ता व किताब देण्याची सोय झाली. अधिकाराची सोय मात्र झाली नाही.

बंगाल लष्करात बढती जवळजवळ सर्वस्वी ज्येष्ठतेवर अवलंबून असल्याने जमादार होईपर्यंत शिपायाची उमेद सरलेली असे. मुंबई लष्करात गुणांना अधिक वाव होता व सिंध हॉर्सचा सेनानी जॉन जेकब ह्याने त्या पद्धतीचा आग्रहाने पुरस्कार केला. परंतु तेथेही अंतिम मर्यादा तीच होती. हेन्री लॉरेन्स ह्या प्रशासकाने १८४० नंतरच्या दशकात लिहिलेल्या लेखांतून ह्या कोंडीचा धोका दाखवून दिला होता. कर्तबगार हिंदी माणसाला कंपनीच्या चाकरीत वर चढण्यास जागा नसेल, तर तो ती अन्यत्र शोधील, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. १८५७ मध्ये त्याचा प्रत्यय आला. दिल्लीत बंडवाल्या फौजांचे सेनापतिपद ज्याच्याकडे आले, तो बख्तखान कंपनीच्या तोफखान्यात सुभेदार होता.

व्हाइसरॉयचे कमिशन : १८५७ नंतर पलटणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांची संख्या कमी करण्यात आली व कंपन्यांचे प्रत्यक्ष नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे पुन्हा बरेचसे आले. ह्या वर्गास प्रथम ‘नेटिव्ह ऑफिसर’, नंतर ‘इंडियन ऑफिसर’ व पुढे ‘व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर’ म्हणजे व्हाइसरॉय-कमिशनप्राप्त अधिकारी अशी नावे मिळाली. पायदळात जमादार, सुभेदार व सुभेदार-मेजर, तर घोडदळात जमादार, रिसालदार व रिसालदार-मेजर अशी त्यांची पदे होती. शिपायांची भाषा, घरची स्थिती, जातिधर्माचे रीतिरिवाज ह्यांची माहिती असलेला सुभेदार-मेजर हा ब्रिटिश कर्नलचा सल्लागार असे आणि पलटणीत त्याला मोठा मान असे. तथापि त्याला ब्रिटिश सैनिकांवर हुकमत नव्हती आणि अगदी कनिष्ठ ब्रिटिश लेफ्टनंटही अधिकाराने त्याच्या वरच असे. हे पद सेवेचा कळस समजले जाई; प्रत्यक्षात ती पुढची वाट बंद करणारी भिंत होती.

काही समाजांना तर शिडीची पहिली पायरीही नाकारण्यात आली. मुंबई लष्करात महार शिपायांची परंपरा जुनी होती व त्यांतील अनेक जण सुभेदारपदापर्यंत चढले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदार असून त्यांनी लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. शिपायाच्या पोटी जन्मलेल्या मुलांना लिहिण्यावाचण्याची संधी ह्या पलटणींतील शाळांमुळे मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’ हा सिद्धांत लष्करी धोरणात प्रभावी ठरला आणि महारांची भरती बंद झाली. निवृत्त लष्करी सेवक गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी १८९४ मध्ये ह्याविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभारली गेली, परंतु १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंटची उभारणी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे झाली. भरतीचे दार बंद झाले, म्हणजे अधिकारपदाचा विचारच उरत नाही, हे ह्या इतिहासावरून स्पष्ट होते.

किंग्ज कमिशनचा प्रश्न : हिंदी लोकांना वरिष्ठ लष्करी पदे खुली करावीत व त्यांसाठी लष्करी महाविद्यालय काढावे, अशी मागणी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून केली. सरकारातही जॉर्ज चेस्नी ह्याने अशा महाविद्यालयाची योजना मांडली होती. सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्‌स ह्याच्या विरोधामुळे ती बारगळली. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली ब्रिटिशाने काम करावे, ही कल्पनाच विरोधकांना असह्य होती. लॉर्ड कर्झनने विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या ‘इंपीरियल कॅडेट कोअर’चा लाभ संस्थानिक व सरदार घराण्यांतील तरुणांपुरताच राहिला. १९०५ पासून त्यांतील काहींना मिळालेल्या कमिशनमध्येही ब्रिटिश सैनिकांवरील अधिकाराचा अंतर्भाव नव्हता.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर ब्रिटिश अधिकारी मोठ्या संख्येने पडले व त्यांच्या जागा तातडीने भरून काढणे अवघड झाले. हिंदी सैनिकांना १९११ पासून व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकत होता आणि शिपाई खुदादाद खान ह्याने ऑक्टोबर १९१४ मधील पराक्रमाने तो मिळविला. परंतु सेवेच्या अखेरीस तोही सुभेदारच राहिला. शौर्याला पदक होते, कमिशन नव्हते. ऑगस्ट १९१७ मध्ये किंग्ज कमिशनवरील वंशभेदाची अट दूर करण्यात आली व नऊ हिंदी अधिकाऱ्यांना ते देण्यात आले. १९१८ पासून सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात हिंदी उमेदवारांसाठी दरवर्षी दहा जागा ठेवण्यात आल्या. इंदूर येथे डेली कॉलेजात काढलेल्या तात्पुरत्या प्रशिक्षणशाळेतून कोदंडेर मडप्पा करिअप्पा प्रभृती तरुण बाहेर पडले. काही ज्येष्ठ सुभेदार-रिसालदारांना सन्मानार्थ किंग्ज कमिशन मिळाले. पण उतारवयात मिळालेल्या ह्या पदांचा हुकमतीच्या दृष्टीने उपयोग नव्हता. सँडहर्स्टची वाट इंग्रजी शाळा, मोठा खर्च व वजनदार शिफारस ह्यांतून जात असल्याने सामान्य शिपायाला ती दुर्गम होती.

ह्या बाबतीत खुद्द ब्रिटनमधील स्थिती तुलनेने पाहण्यासारखी आहे. तेथे १८७१ पर्यंत घोडदळ व पायदळातील कमिशने विकत घेता येत. ती पद्धत बंद झाल्यावरही अधिकाऱ्याचा भोजनगृहाचा, घोड्यांचा व पोशाखाचा खर्च पगारात भागत नसे. १८७७ मध्ये घोडदळात शिपाई म्हणून दाखल झालेला विल्यम रॉबर्टसन १८८८ मध्ये अधिकारी झाला व १९२० मध्ये फील्ड मार्शल पदापर्यंत पोहोचला. त्याने अधिकारपदाचा आरंभ भारतातील पलटणीत केला, ह्याचे एक कारण येथे पगार अधिक व खर्च कमी हे होते. म्हणजे ब्रिटिश शिपायाच्या वाटेत पैसा व वर्ग आडवे येत. हिंदी शिपायाच्या वाटेत त्यांखेरीज वंशही आडवा येई.

१९२३ मध्ये आठ पलटणींच्या हिंदीकरणाची योजना जाहीर झाली. किंग्ज कमिशनप्राप्त हिंदी अधिकारी ह्या आठ पलटणींतच ठेवावयाचे, हा तिचा गाभा होता. ब्रिटिशांना त्यांच्या हाताखाली यावे लागू नये, हा त्यामागील हेतू लपून राहिला नाही. सर अँड्रू स्कीन ह्याच्या अध्यक्षतेखालील समितीने, तीत मोतीलाल नेहरू (ह्यांनी नंतर राजीनामा दिला) व महंमद अली जिना ह्यांचीही नेमणूक झाली होती, १९२६ च्या अहवालात ही योजना रद्द करण्याची व १९३३ पर्यंत भारतात सँडहर्स्टसारखी संस्था काढण्याची शिफारस केली. पुढे हिंदीकरणाच्या पलटणींतून व्हाइसरॉय-कमिशनचा वर्गच काढून टाकून तरुण हिंदी अधिकाऱ्यांना प्लॅटूनचे नायकत्व द्यावे, असे धोरण आले. त्यामुळे हिंदी तरुणांना अधिकारपद खुले होत असतानाच जुन्या शिपायाचे सुभेदारपद धोक्यात आले. एकाच्या संधीची किंमत दुसऱ्याने द्यावी, अशी ही विचित्र स्थिती होती. शिपायांतून अधिकारी घेण्याच्या तरतुदीचे महत्त्व ह्यामुळे अधिकच वाढले.

देहरादून व नौगाव : गोलमेज परिषदेनंतर सरसेनापती फिलिप चेटवुड ह्याच्या समितीने आराखडा तयार केला आणि १९३२ मध्ये देहरादून येथे भारतीय लष्करी प्रबोधिनी (इंडियन मिलिटरी अकॅडेमी) सुरू झाली. पहिल्या तुकडीतील ४० जागांपैकी १५ खुल्या स्पर्धा-परीक्षेतून, १५ सेनेतील शिपाई-नाईक-हवालदारांतून व १० संस्थानी फौजांसाठी होत्या. शिपायाला हक्काने कमिशनची वाट मिळाली, ती येथे प्रथम. ह्या तुकडीतील साम माणेकशा खुल्या स्पर्धेतून आले होते, तर मुहंमद मूसा व ब्रह्मी पलटणींतील स्मिथ डन हे सैनिकी सेवेतून आले होते. माणेकशा भारताचे (१९६९–७३), मूसा पाकिस्तानचे (१९५८–६६) आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे (१९४८–४९) सेनाप्रमुख झाले. योग्य वयात योग्य शिक्षण मिळाल्यास शिपायाच्या योग्यतेत काहीही उणे नसते, ह्याचा ह्याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

तथापि देहरादूनच्या कमिशनला सँडहर्स्टच्या कमिशनइतका ब्रिटिश सैनिकांवरील अधिकार आरंभी नव्हता व पगारही कमी होता. शिपायांना आणखी एक अडचण भाषेची होती. त्या काळी पलटणीचा व्यवहार रोमन लिपीतील उर्दूत चाले. कमिशनसाठी मात्र इंग्रजी अनिवार्य होते. ही तूट भरून काढण्यासाठी बुंदेलखंडातील नौगाव येथे १९२९ मध्ये किचनेर कॉलेज स्थापन झाले होते. निवडक सैनिकांना तेथे शालेय विषय, इंग्रजी व नेतृत्वाचे शिक्षण देऊन देहरादूनसाठी तयार करीत. सैनिकांच्या मुलांसाठी झेलम, जलंदर व अजमेर येथे आणि पुढे बेळगाव व बंगलोर येथेही लष्करी शाळा निघाल्या. तलवारीपेक्षा पाटीपेन्सिल हीच कमिशनची खरी किल्ली आहे, हे सूत्र ह्या संस्थांच्या स्थापनेमागे होते.

दुसरे महायुद्ध : युद्धामुळे सेना सुमारे दोन लाखांवरून वीस लाखांच्या पलीकडे गेली आणि हिंदी अधिकाऱ्यांची संख्या काही शेकड्यांवरून आठ हजारांवर पोहोचली. बेळगाव, महू, बंगलोर येथील प्रशिक्षणशाळांतून तातडीची कमिशने देण्यात आली. त्यांत पलटणींतील होतकरू सैनिकही होते. १९४३ पासून मानसशास्त्रीय कसोट्या, गटकार्य व मुलाखत ह्यांवर आधारलेली निवड मंडळे भारतात आली. घराणे व शिफारस ह्यांऐवजी उमेदवाराच्या प्रत्यक्ष वर्तनावर भर देणारी ही पद्धत शिपायांच्या दृष्टीने अनुकूल होती. दुसऱ्या बाजूस आझाद हिंद सेनेत अनेक सुभेदार-जमादारांना अधिकारीपदे मिळाली होती.

युद्धकाळात भरती होऊन पुढे अधिकारी झालेल्यांत मेजर राम राघोबा राणे ह्यांचे उदाहरण विशेष उल्लेखनीय आहे. तत्कालीन मुंबई प्रांतातील कारवारजवळच्या चेंडिया येथे १९१८ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९४० मध्ये ते बाँबे सॅपर्समध्ये शिपाई म्हणून दाखल झाले, ब्रह्मदेशच्या मोहिमेत लढले व हवालदारपदापर्यंत चढले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना अभियंता दलात सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, एप्रिल १९४८ मध्ये, नौशहरा–राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्याखाली, जखमी असतानाही त्यांनी सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट काढून दिली. ह्या कामगिरीबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळाले. सुरुंग हाताळण्याचे शिपाई म्हणून मिळविलेले कसब आणि अधिकारी म्हणून निर्णय घेण्याची मुभा ह्या दोहोंचा येथे संगम झालेला दिसतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश अधिकारी गेले; सुभेदारांचा वर्ग मात्र कायम ठेवण्यात आला. त्यास ‘ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर’ हे नाव मिळाले व १९५० च्या सेना अधिनियमात त्याची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. १९६५ मध्ये जमादार हे पदनाम बदलून नायब सुभेदार करण्यात आले. परकी अधिकारी व देशी शिपाई ह्यांतील दुवा, हे ह्या वर्गाचे मूळ प्रयोजन संपले होते. परंतु पलटणीचा अनुभव, शिस्त व सातत्य ह्यांचा आधार म्हणून त्याची उपयुक्तता राहिली.

नौगावच्या किचनेर कॉलेजचे १९६० मध्ये आर्मी कॅडेट कॉलेजात रूपांतर झाले. १९६४ मध्ये ते पुण्यास आले व १९७७ पर्यंत तेथे होते. त्या वर्षी ते देहरादूनच्या प्रबोधिनीस जोडण्यात आले. तेथील अभ्यासक्रम जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशी संलग्न होऊन सैनिकाला कमिशनबरोबर पदवीही मिळू लागली.

प्रचलित मार्ग : भूसेनेतील मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे आहेत : (१) आर्मी कॅडेट कॉलेज : साधारणतः २० ते २७ वयाच्या, किमान दोन वर्षे सेवा झालेल्या व बारावी उत्तीर्ण सैनिकांना लेखी परीक्षा, निवड मंडळ व वैद्यकीय तपासणी ह्यांतून प्रवेश मिळतो. तीन वर्षांचे पदवी शिक्षण व एक वर्षाचे लष्करी प्रशिक्षण ह्यांनंतर स्थायी कमिशन दिले जाते. नौदल व वायुसेना ह्यांतील कर्मचाऱ्यांनाही हा मार्ग खुला आहे. (२) विशेष कमिशन (स्पेशल कमिशन्ड ऑफिसर) : २८ ते ३५ ह्या वयोगटातील अनुभवी सैनिकांसाठी ही योजना असून २०११ मध्ये गया येथे सुरू झालेल्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत तिच्या तुकड्या तयार झाल्या. (३) स्थायी कमिशन (विशेष सूची) : दीर्घ सेवा झालेल्या सुभेदार-हवालदारांना मुख्यतः प्रशासन व सामग्री-व्यवस्थेच्या पदांसाठी हे दिले जाते. (४) मानद कमिशन : निवृत्तीच्या उंबरठ्यावरील गुणवंत सुभेदारांना प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिन ह्या प्रसंगी मानद लेफ्टनंट वा कॅप्टन करण्यात येते. परमवीर चक्राचे मानकरी करम सिंग व बाना सिंग हे मानद कॅप्टन होते. ह्यात मान व आर्थिक लाभ असतो; नव्या जबाबदारीची हुकमत नसते.

मूल्यमापन : आज शिपायाच्या वाटेत वंश वा घराणे आडवे येत नाही, वय मात्र येते. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनुसार डिसेंबर २००४ पासून कमिशननंतर दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर व तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल असा कालबद्ध क्रम लागू झाला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी कमिशन मिळविणारा अधिकारी ह्या क्रमाने पस्तिशीच्या आसपास लेफ्टनंट कर्नल होतो. सत्ताविसाव्या वर्षी कॅडेट कॉलेजात आलेला सैनिक एकतिसाव्या वर्षी कमिशन घेतो व त्याच पदावर चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहोचतो. विशेष कमिशनवाल्यास ह्याहूनही उशीर होतो. कर्नल व त्यापुढील पदे निवडीने मिळतात आणि निवृत्तीची वये पदानुसार ठरलेली आहेत. त्यामुळे शिपायांतून आलेले अधिकारी सेनेच्या मधल्या पदांवर मोठ्या संख्येने दिसतात व सर्वोच्च पदांवर क्वचित. ह्याचे कारण गुणांची वाण नसून उरलेल्या वर्षांची वाण हे आहे.

ह्यास दुसरीही बाजू आहे. प्लॅटून व कंपनी ह्या पातळीवर शिपायाचे जीवन स्वतः जगलेला अधिकारी हाताखालच्या माणसांच्या अडचणी व क्षमता चटकन ओळखतो. त्याची खरी उपयुक्तता तेथेच असते, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे. परंतु मुंबई-बंगाल लष्करांच्या काळात सुभेदाराविषयीही हेच म्हटले जाई, हे विसरता येत नाही. दीड शतकाच्या अनुभवाचा निष्कर्ष असा, की भारतीय शिपायाला अधिकारपद मिळाले ते पराक्रमाचे बक्षीस म्हणून नव्हे, तर राजकीय मागणीने दार उघडले आणि शिक्षणाने त्याला त्या दारापर्यंत नेले म्हणून. ते शिक्षण सेवेच्या जितक्या आरंभीच्या वर्षांत त्याला मिळेल, तितकी पुढची शिडी त्याच्यासाठी लांब असेल.